विजेवर चालणारा अवयव

मंगळवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास बिल्डिंगमधले सगळे पंखे एकदम पिसाळले. तळमजल्यावर टाइमकीपर जेवून आडवे झाले होते. छातीवरचं वर्तमानपत्र उडून पायाशी गेलं, तेव्हा पंख्यानं आज मनावर घेतलंय असं वाटून ते झोपेतच समाधानानं हसले. तेवढ्यात वर कुठंतरी फट्‌ झालं, खाली कुठंतरी सुर्र झालं, जळका वास आला आणि सगळं एकदम गपगार पडलं.

पाच मिनिटांत जिन्यात सभा भरली. सेक्रेटरींचा फ्रिज गेला होता. दुसऱ्या मजल्यावरचे दोन टीव्ही गेले होते. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, त्यांनाही गप्प राहणं बरं दिसेना, म्हणून तेही आपल्या मिक्सरबद्दल संशय व्यक्त करत होते. टाइमकीपर डोळे चोळत हे ऐकत उभे राहिले आणि मग एकाएकी "माझा ऑर्गन!" असं ओरडून घरात पळाले. सदुसष्टाव्या वर्षी माणूस असा पळाला की लोक त्याच्यामागे पळतात. अख्खी सभा त्यांच्या बाहेरच्या खोलीत आली.

ऑर्गन जुन्या चादरीच्या खोळीखाली जसा होता तसा होता. त्याचा प्लग जमिनीवर लोळत होता आणि त्याच्या जागी इस्त्रीचा प्लग होता. इस्त्री कायमची गेली होती.

"मला साडीला इस्त्री करायची होती," बायको म्हणाली. "काढला तुमचा प्लग. बोला आता."

आपल्या ऑर्गनचा प्लग कुणी काढायचा नाही, यावरून टाइमकीपर या बाईला वीस वर्षं बोलत आले होते. आता तिच्या त्याच अपराधामुळे ऑर्गन वाचला होता. अशा वेळी माणसानं आभार मानावेत हे त्यांना कळत होतं, पण खोली भरून लोक बघत होते. ते फक्त "हं" म्हणाले.

या ऑर्गनबद्दल चार शब्द सांगायला हवेत. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. कामगारांची कार्डं, भोंगा, उशिराचे शेरे, सगळं त्यांच्याकडे. एका हौशी मॅनेजरनं कारखान्याचा बँड काढला आणि हा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणवला. दोन मजली पट्ट्या, कडेला लाकूड, वर रंगीत बटणांची रांग. बासरी दाबा, बासरी वाजे. सॅक्सोफोन दाबा, तरीही बासरीच वाजे, पण जरा सर्दी झाल्यासारखी. पाळी सुटली की कँटीनची टेबलं भिंतीला लावायची, खिडक्या उघडायच्या, आणि भट्टीच्या उबेत तास दोन तास वाजवायचं. ऑर्गन तापला की त्यातून पॉलिश आणि धुळीचा मिळून एक वास येई. पुढे कारखाना बंद झाला, कँटीनच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. ऑर्गन उचलून न्यायला कुणीच पुढे आलं नाही, म्हणून तो टाइमकीपरांकडे आला. वास मात्र अजून तोच होता. तो यावा एवढ्याचसाठी ते कधी कधी नुसतंच बटण चालू करून बसत.

आणि या ऑर्गनच्या पोटातली एक चिप आता जगात कुठंही मिळत नव्हती. दुरुस्तीवाल्यानं मागेच बजावलं होतं, "साहेब, ही उडाली की याचं टेबल करायचं."

त्या दिवशी टाइमकीपरांनी ठरवलं की ऑर्गनला वीज द्यायची, पण विजेच्या हातात ऑर्गन द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून सर्ज प्रोटेक्टर आणला. लांबट पांढरी पट्टी, सहा भोकं आणि एक हिरवा दिवा. दुकानदारानं सांगितलं होतं, हिरवा लागला की तुम्ही निर्धास्त. घरी लावल्यावर शेजारचा लाल दिवा लागला. टाइमकीपरांनी पट्टी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, शेवटी वायरमनला बोलावलं.

वायरमन बारीक अंगाचा आणि जाड आवाजाचा होता. त्यानं भिंतीतला बोर्ड उघडला, आत टॉर्च मारली आणि एखाद्या दुखवट्याला आल्यासारखं म्हणाला, "काका, तुमचं अर्थिंगच नाही."

"म्हणजे?"

"हे वरचं तिसरं भोक आहे ना, जाडं? याच्यातून जादा वीज जमिनीत उतरते. तुमची वायर भोकातून निघते, भिंतीत चार बोटं जाते आणि संपते."

"संपते म्हणजे? पुढे कुठं जाते?"

"कुठं नाही. तिथंच संपते."

टाइमकीपर त्या भोकाकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं त्यांनी त्या भोकावर विश्वास ठेवला होता.

अर्थिंगसाठी बिल्डिंगच्या मागच्या बाजूला खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं. खड्डा म्हटल्यावर सेक्रेटरी आले. सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि फ्रिज गेल्यापासून कडवट झालेले. त्यांनी रीतसर अर्ज मागितला. अर्जावर सभा झाली. सभेत खड्ड्याला कुणाचाच विरोध नव्हता, पण मीठ जाडं असावं की बारीक यावरून सव्वा तास गेला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांच्या गावी अर्थिंगमुळे एक म्हैस कशी गेली ते सांगितलं. म्हशीची हकिगत इतकी रंगली की ठराव मंजूर करायचा राहूनच गेला, आणि राहिला म्हणूनच वायरमननं दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ खणायला सुरुवात केली.

चौथ्या फुटाला पहारीनं पाण्याचा पाइप फोडला.

पाणी असं उसळलं की वायरमन आत होता तो दिसेनासा झाला. वरून प्रत्येक गॅलरीतून एकेक डोकं बाहेर आलं. कुणी आंघोळीला बसलं होतं, कुणाचं कपड्यांचं मशीन अर्ध्यावर थांबलं होतं. टाइमकीपर काठावर लेंगा वर धरून उभे होते, आणि बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस त्यांना नावानिशी काहीतरी सांगत होता. वायरमन चिखलातून वर आला, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं काका. अर्थिंगला ओलावा लागतोच."

संध्याकाळपर्यंत बिल्डिंग बादल्या घेऊन समोरच्या गॅरेजच्या नळावर उभी होती. टाइमकीपरांनी माफी म्हणून वरच्या तीन मजल्यांवर स्वतः बादल्या पोचवल्या. मधल्या मजल्यावर दम घेताना त्यांना एक बाई विचारत्या झाल्या, "एवढं करून वाजवता काय हो तुम्ही?" बँड मोडल्यापासून त्यांनी सबंध गाणं असं एकही वाजवलं नव्हतं. ऑर्गन साथीचं वाद्य होतं आणि साथ कुणाला करायची?

खरं तर गिटार वाजवणारा माणूस चार गल्ल्या पलीकडेच राहत होता. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. दाजी भट्टीखात्यात होते. त्यांची आणि ताईची ओळख बँडच्याच एका कार्यक्रमात टाइमकीपरांनी करून दिली होती. पण बावीस वर्षांपूर्वी, कारखान्याच्या शेवटच्या स्नेहसंमेलनात, पहिल्याच गाण्याला स्टेजवर भलामोठा उजेड झाला आणि दाजींचा अ‍ॅम्प्लिफायर धूर सोडून मेला. स्टेजच्या वायरी जोडणाऱ्या टाइमकीपरांकडे बोट दाखवून दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा याच्या बोर्डाचा प्रताप." टाइमकीपर म्हणाले, "तुमचा अ‍ॅम्पच डबडा होता." त्यानंतर दोघं एकमेकांशी थेट बोलले नव्हते. येणं-जाणं चालू होतं, जेवणं होत होती. फक्त एकाच टेबलाशी बसून एक म्हणे, "ताई, त्यांना विचार, भात हवा का," आणि दुसरा म्हणे, "त्याला सांग, पुरे." ताई दोन्हीकडचे निरोप सहा इंचांवरून पोचवत असे.

अर्थिंग झालं, पट्टीवर हिरवा दिवा लागला. पण वायरमन बोर्ड बंद करताना म्हणाला, "काका, हे सगळं ठीक. पण मंगळवारचं दुखणं घरातलं नव्हतं, खांबावरचं आहे. ऑफिसात तक्रार द्या. नाहीतर पुन्हा होणार."

वीज ऑफिसात तीन खिडक्या होत्या, त्यातली उघडी असलेली खिडकी जेवायला गेली होती. दोन तासांनी ती परत आली. आतल्या कारकुनाच्या डोक्यावर पाटी होती, 'अर्जात परभाषेतील शब्द टाळावेत.' कारकून तिच्या खाली बसून तिचं पालन करत होता.

"कोणत्या उपकरणाला धोका आहे?"

"ऑर्गनला."

कारकुनानं मान वर केली. त्याच्या नजरेत एकदम माणुसकी आली. "घरीच असतो का?"

"घरीच. बाहेर कुठं नेणार आता! वय झालं त्याचं."

"विजेवर चालतो?"

"पूर्ण विजेवर. वीज गेली की बंदच. आणि जास्त आली तर कायमचा बंद. आतला भाग आता मिळत नाही."

"अरेरे," कारकून म्हणाला आणि भराभर लिहू लागला. एवढ्या आपुलकीनं आपल्या ऑर्गनची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. टाइमकीपर भारावले. चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांनी पावती न वाचताच घडी करून खिशात ठेवली.

ती बायकोनं वाचली, आणि तीही जिन्यात, सेक्रेटरींच्या देखत. "अहो, हे काय? 'तक्रारदाराचा विजेवर चालणारा अवयव घरी असून विजेच्या अनियमित दाबामुळे त्यास गंभीर धोका संभवतो.' कुठला अवयव?"

सेक्रेटरींनी कुठला ते विचारलं नाही. त्यांनी टाइमकीपरांच्या छातीकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाइपबद्दल मी फार बोललो. मनावर घेऊ नका. तुम्ही मनावर काही घ्यायचंच नाही." टाइमकीपर खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत ते वर गेले, आणि त्यांच्यासोबत बातमीही वर गेली.

त्या संध्याकाळपासून जिन्यात लोक हळू बोलू लागले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी पिशवी हातातून काढून घेतली. वरची मुलं धावत उतरायची ती तळमजल्याशी आली की पाय न वाजवता जाऊ लागली. टाइमकीपरांना हे खोटं वाटत होतं, पण वाईट वाटत नव्हतं.

सकाळी आठला शिडीची गाडी आली. वीज ऑफिसची गाडी तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी आलेली त्या गल्लीनं प्रथमच पाहिली. गाडीतून एक तरुण इंजिनिअरबाई उतरल्या आणि चपला काढून हळू आवाजात म्हणाल्या, "पेशंट कुठल्या खोलीत आहेत?"

टाइमकीपर घसा खाकरून त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेले आणि खोळ काढली.

इंजिनिअरबाईंनी पावती पाहिली, ऑर्गन पाहिला, पुन्हा पावती पाहिली. त्यांच्या तोंडाचे कोपरे थरथरले.

"मी ऑर्गन म्हणालो होतो," टाइमकीपर कसेबसे म्हणाले. "मी अवयव म्हणालो नव्हतो."

"तक्रार तर खरी आहे ना?" बाई म्हणाल्या. "शिडी आलीच आहे. बघू या."

अर्ध्या तासात त्या खांबाखालून परत आल्या. हातात काळ्या वायरीचं एक खाल्लेलं टोक होतं. "ही न्यूट्रल. हिच्यातून वीज परत जाते. येणाऱ्या वायरी तीन, परतीची ही एकच. ही सुटली की वीज परत कुठून जाणार? मग ती एका घरातून दुसऱ्या घरात घुसते. एकीकडे मंद, दुसरीकडे दुप्पट. दिवे एकदम लख्ख झाले होते ना?"

"झाले होते," टाइमकीपर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांना बावीस वर्षांपूर्वीचं, कँटीनच्या हॉलमधलं स्टेज दिसलं. कार्यक्रमाला दहा मिनिटं होती. ऑर्गनसाठी एक वायर कमी पडत होती. त्यांनी स्टेजमागचा मोठा बोर्ड उघडला होता. लाल, पिवळी, निळी, तिन्ही महत्त्वाच्या दिसत होत्या. काळी तेवढी बिनकामाची वाटली. ती त्यांनी ढिली केली, हातानं पीळ देऊन आपल्या वायरीला जोडली आणि पुन्हा खोचली. नीट बसली नव्हती. नीट बसली नाही हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. पडदा वर गेला, दिवे लख्ख झाले, आणि समोरच्या लोकांनी तो उजेड कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या होत्या.

"काका, बरं वाटत नाहीये का?" इंजिनिअरबाईंनी विचारलं. दारातून सेक्रेटरी लगेच पाणी घेऊन आत आले.

त्या दिवशी टाइमकीपरांनी दुपारचं जेवण अर्ध्यावर सोडलं. बावीस वर्षं त्यांनी ही गोष्ट नात्यात, शेजारी, जुन्या कामगारांच्या भेटीगाठीत एकाच पद्धतीनं सांगितली होती: दाजींचा अ‍ॅम्प डबडा होता. इतक्यांदा सांगितली होती की त्यांचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसला होता.

"जाऊन सांगा," बायको म्हणाली.

"आता? बावीस वर्षांनी?"

"मग आणखी किती थांबणार?"

दाजी बनियनवर गॅलरीत बसून पंख्याची जाळी पुसत होते. मेहुण्याला एकटं आलेलं पाहून त्यांनी सवयीनं आत हाक मारली, "अगं, हा आलाय. त्याला विचार, काय काम आहे."

ताई ओल्या हातानं बाहेर आली. टाइमकीपर तिच्याकडे न बघता सरळ दाजींकडे बघून म्हणाले, "दाजी, तो माझ्याच बोर्डाचा प्रताप होता. मी काळी वायर सोडवली होती. तुमचा अ‍ॅम्प चांगला होता. मी बावीस वर्षं खोटं बोललो."

दाजींच्या हातातला फडका थांबला. त्यांनी जाळी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग बायकोकडे पाहिलं. ताई पदराला हात पुसत होती आणि ते कोरडे झाले तरी पुसत होती.

"चांगला नव्हता," दाजी म्हणाले.

"काय?"

"अ‍ॅम्प चांगला नव्हता. आधीच गेला होता. त्याच दिवशी सकाळी. स्कूटरवरून आणताना चौकात पडला. फुटला नाही, पण आतून खुळखुळ वाजायला लागला. आवाज बंद. कारखान्याची वस्तू, मॅनेजर पहिल्या रांगेत. मी गिटार गळ्यात घालून स्टेजवर उभा, आणि आता पहिल्या सुराला काय करायचं ते कळेना. तेवढ्यात तुझा उजेड झाला. धूर निघाला. मला वाटलं, सुटलो!"

"सुटलो?" टाइमकीपरांचा आवाज चढला. "तुम्ही सुटलात आणि मी अडकलो! सगळ्या कारखान्यासमोर माझं नाव घेतलंत!"

"मग काय बायकोचं घ्यायचं होतं? अ‍ॅम्प हिच्या मांडीवर होता. चौकात मैत्रीण दिसली, हिनं दोन्ही हातांनी टाटा केला."

"दोन्ही हातांनी नव्हता केला," ताई म्हणाली. "एकाच हातानं. आणि मी तेव्हाच म्हणत होते, सांगून टाका. तुम्हीच म्हणालात, दोन दिवसांत विसरेल तो."

"दोन दिवसांत? मी बावीस वर्षं भाताचे निरोप पाठवतोय!"

"आणि मी? मला काय हौस होती?" दाजी म्हणाले. "तू मला डबडा म्हणालास!"

"अ‍ॅम्पला म्हणालो!"

"रोख माझ्यावर होता!"

"होताच!"

आवाज इतके चढले की समोरच्या गॅलरीत माणसं जमली. ताई दोघांच्या मध्ये उभी होती. एक निरोपही तिच्या हाती लागत नव्हता. दोघं तिच्या डोक्यावरून थेट एकमेकांना ओरडत होते. थोडा वेळ तिनं ऐकलं, मग चहा टाकायला आत गेली. जाताना ती डोळे पुसत होती की हसत होती, हे ती पाठमोरी असल्यानं कळलं नाही.

चहा प्यायल्यावर दाजींनी माळ्यावरून गिटार काढली. सहापैकी दोन तारा तुटल्या होत्या. तारा मिळायचं दुकान दोघांनाही पाठ होतं: स्टेशनरीवाल्याच्या शेजारी, निळी पाटी, आत कायम शिकाऊ बासरी वाजवणारा म्हातारा मालक. ते चालत गेले. स्टेशनरीवाला होता. निळ्या पाटीच्या जागी चष्म्यांचं दुकान होतं. काचेमागे रांगेनं चष्मे मांडले होते आणि दोघं मेहुणे बराच वेळ त्यांच्यासमोर उभे राहिले.

"इथं काउंटरवर आपण तासन्‌तास बसायचो," दाजी म्हणाले.

"घ्यायचो काहीच नाही," टाइमकीपर म्हणाले.

दुकानदार बाहेर येऊन विचारू लागला, "काही दाखवू का? जवळचा की लांबचा?" दोघांनी एकदम मान हलवली आणि परत फिरले.

मग बिल्डिंगच्या तळमजल्यावर, बाहेरच्या खोलीत, दाजींची चार तारांची गिटार आणि टाइमकीपरांचा ऑर्गन एकाच पट्टीला लागले. पट्टीवर हिरवा दिवा होता. जी गाणी चार तारांत बसली ती वाजवली, जी बसली नाहीत ती कापून बसवली. ऑर्गन तापला. खोलीत पॉलिश आणि धुळीचा तो वास पसरला. दाजींनी मान वर करून एकदा दीर्घ श्वास घेतला आणि पुन्हा तारांवर वाकले. आतून दाजींबरोबर आलेल्या ताईची आणि तिच्या भावजयीची कुजबूज येत होती, ती मध्येच थांबली.

वरच्या मजल्यांवर मात्र, अशा दुखण्यात हा गोंगाट कसला, म्हणून काळजी पसरली. सेक्रेटरी दारात आले. त्यांनी ऑर्गनकडे पाहिलं, टाइमकीपरांच्या छातीकडे पाहिलं, आणि अवयव कुठला ते त्यांना हळूहळू कळत गेलं. रागवावं की हसावं ते ठरेना, म्हणून ते खुर्ची ओढून बसले.

अंधार पडायच्या आत दाजी निघाले. दारात चपला घालताना ते खाली बघूनच म्हणाले, "उद्या येऊ?"

टाइमकीपरांनी मागे वळून ताईला शोधलं. ताई केव्हाच पुढे निघून फाटकाशी पोचली होती.

"या," ते म्हणाले. "जेवायलाच या."